यामाहा यू-वन अप्राइट: मैफलीची तयारी करणाऱ्यांसाठी, पुण्याच्या हवेत

निकाल आधीच सांगून टाकतो. घरातलं कुणी पाश्चात्त्य संगीत परीक्षांमधली आठवी, म्हणजे शेवटची ग्रेड ओलांडून डिप्लोमाकडे निघालं असेल, रोज तीन-चार तास बसायची तयारी असेल आणि आडव्या तारांच्या मोठ्या ग्रँड पियानोला घरात जागा नसेल, तर जपानमधून आलेला, नीट तपासून घेतलेला जुना यामाहा यू-वन हा अप्राइट, म्हणजे उभा पियानो सगळ्यात खात्रीचा पर्याय आहे. डिप्लोमापर्यंत तो पुरतो. त्यापुढे, म्हणजे परदेशातल्या संगीत महाविद्यालयाची निवड चाचणी, स्पर्धा आणि मैफली, या टप्प्यावर त्याच्या जोडीला अधूनमधून ग्रँडवर हात पडलाच पाहिजे. आणि पुण्यात हा पियानो घेणं सोपं आहे, सांभाळणं कठीण. म्हणून या परीक्षणाचा मोठा भाग हवेवर आणि देखभालीवर आहे.

पियानो जोखताना बहुतेक गिऱ्हाईक आवाज ऐकतं आणि पॉलिश बघतं. मैफलीत वाजवणाऱ्याची गरज वेगळी असते. व्हायोलिनवादक किंवा सतारिया आपलं वाद्य सोबत घेऊन फिरतो. पियानोवादकाला मात्र हॉलमध्ये जे उभं असेल त्यावर वाजवावं लागतं. होरोविट्झ, मायकेलँजेली, झिमरमान अशा मोजक्यांनी स्वतःचे पियानो गावोगाव नेले, बाकी सगळे आयुष्यभर परक्या पियानोंशी जुळवून घेत आले. वॉर्साच्या शोपँ स्पर्धेत मांडून ठेवलेल्या पियानोंमधून आपला निवडायला स्पर्धकाला थोडी मिनिटंच मिळतात. 2010 मध्ये युलियाना अव्देयेवा यामाहाच्या सीएफएक्स या मोठ्या ग्रँडवर जिंकली, 2021 मध्ये ब्रूस लिऊ इटलीच्या फात्सिओली पियानोवर. अशा आयुष्याची तयारी ज्या वाद्यावर करायची, त्याच्या गोड आवाजापेक्षा त्याचा प्रामाणिकपणा महत्त्वाचा. 88 पट्ट्यांचं वजन एकसंध हवं, मधेच उडी नको. हलकं दाबलं तर हलकं आणि जोरात मारलं तर जोरातच वाजलं पाहिजे. चूक झाली तर ती ऐकू आली पाहिजे. यू-वन इथे खरा उतरतो, आणि म्हणूनच जगभरच्या संगीत शाळांच्या सरावखोल्यांत तो इतका दिसतो.

मापं अशी: उंची 121 सेंटीमीटर, रुंदी सुमारे 153, खोली 61-62, वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास. साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारी मागची फळी, स्प्रूस लाकडाची. पेडल तीन. सगळ्यात खालचा स्वर 27.5 हर्ट्झ, वरचा 4186. मधल्या आणि वरच्या भागात एकेका स्वराला तीन तारा, त्याखाली तांब्याने मढवलेल्या दोन आणि अगदी खर्जात एकच. या सगळ्या तारांचा मिळून ताण 18-20 टनांच्या घरात जातो आणि तो ओतीव लोखंडी फ्रेम पेलते. याच घराण्यातला यू-थ्री 131 सेंटीमीटर उंच आहे. खर्जाच्या तारा लांब असल्याने त्याचा खर्ज जास्त भरदार लागतो. जागा आणि पैसे असतील तर तो घ्या, पण दोघांच्या पट्टीचा स्पर्श जवळपास सारखाच आहे.

स्पर्श म्हणजे काय ते आकड्यांत पाहू. पट्टी समोरच्या टोकाला सुमारे 10 मिलिमीटर खाली जाते. हातोडी तारेपासून साधारण 45-46 मिलिमीटर अंतरावर उभी असते. पट्टी अगदी हळू दाबली तर हातोडी तारेला 2-3 मिलिमीटर उरलेले असताना सुटून मागे येते. याला लेट-ऑफ म्हणतात. हे अंतर प्रत्येक पट्टीला सारखं असलं तरच अतिमंद वाजवताना एखादा स्वर गिळला जात नाही. दुकानात हे तपासायला कुठलंही उपकरण लागत नाही. वरचं झाकण उघडा, एका बोटाने पट्टी हळूहळू खाली न्या आणि हातोडी कुठून परत फिरते ते नजरेने बघा. एकामागून एक 20-25 पट्ट्या अशा केल्या की कुठली लवकर सुटते, कुठली तारेला चिकटून थरथरते, ते लगेच दिसतं.

वजन तपासायची युक्तीही सोपी आहे. ₹ चिन्ह असलेलं दहा रुपयांचं द्विधातूचं नाणं 7.71 ग्रॅमचं असतं. उजवं पेडल दाबून धरायचं, म्हणजे डॅम्परचं (तार थांबवणाऱ्या गादीचं) वजन मधे येत नाही. मग मधल्या सी पट्टीच्या पुढच्या कडेवर नाणी एकावर एक ठेवत जायची. सहा-सात नाण्यांवर, म्हणजे 46 ते 54 ग्रॅमच्या दरम्यान, पट्टी सावकाश खाली जायला हवी. नऊ नाणी लागली तर कुठेतरी घर्षण वाढलंय. चारवरच बसली तर कुणीतरी पट्ट्या नको तितक्या हलक्या केल्यात. खर्जाकडे हातोड्या जड असतात, तिथे एखादं नाणं जास्त लागतं, वरच्या टोकाला कमी. हा उतार हळूहळू यायला हवा, मधेच उडी दिसता कामा नये.

आता जिथे हा पियानो कमी पडतो, ते स्पष्ट सांगायला हवं.

पहिली गोष्ट, तोच स्वर भरभर पुन्हा वाजवणं. 1821 मध्ये पॅरिसच्या एरार यांनी दुहेरी सुटकेची यंत्रणा काढली, तेव्हापासून ग्रँडमध्ये पट्टी अर्धीच वर आली तरी हातोडी पुन्हा मारता येते. अप्राइटमध्ये ती सोय नाही. पट्टी जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय खालचा जॅक (हातोडीला ढकलणारा छोटा दांडा) हातोडीच्या बुडाखाली परत बसत नाही. स्कार्लाटीची के. 141 ही डी मायनर सोनाटा किंवा रावेलच्या ‘स्कार्बो’ची सुरुवात अशा ठिकाणी हे थेट बोटाला जाणवतं: स्वर रिकामे जातात आणि विद्यार्थ्याला वाटतं आपलाच हात मंद आहे. अशा जागा यू-वनवर थोड्या कमी लयीत, बोट पूर्ण उचलून पक्क्या करायच्या आणि शेवटची लय ग्रँडवर बांधायची. घरीच ताकद लावून ती लय ओढून आणायला गेलं की मनगट ताठ होतं, आणि तेच ताठ मनगट पुढे मैफलीत सोबत येतं.

दुसरी गोष्ट डावं पेडल. ग्रँडमध्ये ते दाबलं की पट्ट्यांसकट सगळी यंत्रणा बाजूला सरकते, हातोडी तीनऐवजी दोन तारांवर आणि तिच्यावरच्या फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) मऊ भागावर पडते, त्यामुळे आवाजाचा रंगच बदलतो. बेथोव्हनने ओपस 106 च्या संथ भागात ‘ऊना कोर्दा’ (एक तार, म्हणजे डावं पेडल) लिहिलंय, ते या रंगासाठी. यू-वनचं डावं पेडल फक्त हातोड्या तारांच्या जवळ आणतं: आवाज कमी होतो, रंग तोच राहतो, शिवाय पट्टीच्या सुरुवातीला पोकळी जाणवते. घरी या पेडलच्या भरवशावर मंद वाजवायची सवय लागली तर ग्रँडवर अंदाज चुकतो. मंद वाजवणं बोटांनीच शिकावं.

मधलं पेडल तर पूर्ण वेगळं काम करतं. ग्रँडमध्ये ते ठरावीक स्वर धरून ठेवतं, यू-वनमध्ये हातोडी आणि तारा यांच्या मध्ये फेल्टची पट्टी उतरवून आवाज दाबतं. सोसायटीत राहणाऱ्यांना याचाच सगळ्यात जास्त उपयोग, त्याबद्दल पुढे येईलच.

जुना यू-वन घेताना काय बघायचं, यावर थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण फसगत होते ती इथेच.

लोखंडी फ्रेमवर छापलेला क्रमांक आधी टिपून घ्या. जपानी कारखान्यातल्या क्रमांकांनी 10 लाखांचा टप्पा 1970 च्या सुमारास आणि 30 लाखांचा 1980 च्या सुमारास ओलांडला. विक्रेता ‘वीसेक वर्षं जुना’ म्हणतोय आणि क्रमांक 18 लाखांचा असेल, तर तो सत्तरच्या दशकातला पियानो आहे. तो वाईट असेलच असं नाही, पण त्याची किंमत आणि त्यावर करायचं काम वेगळं.

सत्तरच्या दशकातल्या यू-वनमध्ये एक दुखणं ठरलेलं आहे. प्रत्येक हातोडीच्या बुडाशी तिला मागे ओढणारी बारीक स्प्रिंग असते आणि ती दोऱ्याच्या इवल्याशा फासात अडकवलेली असते. हा दोरा वर्षांनुवर्षांत कुजतो. कापसाच्या जुन्या वातीसारखा तो नखाने खेचला तर सुटून येतो. दोरा तुटला की स्प्रिंग मोकळी पडते आणि हातोडी फक्त स्वतःच्या वजनावर, रेंगाळत परत येते. जोरात वाजवताना काही कळत नाही. मंद आवाजात तोच स्वर तीन-चार वेळा भरभर वाजवला की मात्र एखादा स्वर गळतो. दुकानात नेमकं हेच वाजवून बघा, खालपासून वरपर्यंत. दोन-तीन दोरे तुटलेले दिसले तर बाकीचेही त्याच वाटेवर आहेत, असं समजून सगळे 88 बदलून मागा. काम वेळखाऊ आहे पण कायमचं आहे, आणि हे काम करून देतो का, यावरून विक्रेत्याकडे खरा तंत्रज्ञ आहे की नुसता पॉलिशवाला, तेही समजतं.

हातोडीच्या टोकावर तारांच्या खाचा पडलेल्या असतातच. त्या उथळ असतील तर फेल्ट घासून आकार परत आणता येतो. खोल असतील, किंवा पूर्वीच घासून वरच्या सप्तकातल्या हातोड्यांचं लाकूड दिसायला लागलं असेल, तर नवा संच लागेल आणि तो खर्च किमतीतून वजा करून घ्यायला हवा. आवाज फार टोकदार, धातूसारखा लागत असेल तर फेल्ट कडक झालंय. सुयांनी टोचून ते मऊ करता येतं, मात्र हे काम अननुभवी हाताने केलं तर हातोडी कायमची मरते.

तारा बघताना टॉर्च घ्या. गंजाचा तांबूस थर वरवरचा असेल तर चालतो, पण ट्यूनिंग पिनेभोवतीची वेटोळी गंजलेली असतील तर तार चढवताना तुटायची भीती असते. वाद्य आधी समुद्राजवळ राहिलेलं असेल तर इथे जास्त बारकाईने बघा. पिना ढिल्या आहेत का ते एका भेटीत कळत नाही. पियानो सुरात लावून घ्या आणि आठ-दहा दिवसांनी परत जा. एकाच स्वराच्या तीन तारा एकमेकींशी भांडायला लागल्या असतील, आवाज लहरत असेल आणि हे ठरावीक चार-पाच स्वरांवरच होत असेल, तर तिथली पकड गेलीय.

साउंडबोर्ड मागून तपासा. बारीक चीर असली म्हणून घाबरू नका, तिच्यामुळे आवाज बिघडतोच असं नाही. मागच्या आडव्या पट्ट्या साउंडबोर्डपासून सुटल्या असतील तर मात्र खर्जात ठरावीक स्वरांवर झर्रर्र असा आवाज येतो. तो आला तर पुढे जा, दुसरा पियानो बघा.

घरी आणण्याआधी टेप घेऊन जिना मोजा. 153 सेंटीमीटर लांबीची वस्तू इमारतीच्या साध्या सहा-आठ माणसांच्या लिफ्टमध्ये आडवी मावत नाही. वजनाने चालेल असं वॉचमन सांगतो, पण अडचण लांबीची असते. नवीन उंच इमारतींमध्ये स्ट्रेचर नेता येईल अशी मोठी लिफ्ट असते, ती मागून घ्या. सदाशिव किंवा शनिवारातल्या जुन्या घरांत जिन्याचं वळण हा खरा प्रश्न. वळणाच्या चौकात पियानो फिरवायला दोन्ही बाजूंना 165 सेंटीमीटरपेक्षा जास्त मोकळे हवेत, नाहीतर गॅलरीतून चढवावा लागतो. पियानो उचलायचा तो खालच्या तळातून आणि बाजूंच्या आडव्या दांड्यांना धरून. पट्ट्यांखालच्या फळीला धरून उचलणारे हमाल दिसले तर तिथेच थांबवा. आणून ठेवल्यावर लगेच ट्यूनर बोलावू नका. दोन-तीन आठवडे त्याला त्या खोलीची हवा लागू द्या. फार उतरलेला असेल, म्हणजे 440 च्या ए स्वरापासून 20-30 सेंट (100 सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) खाली, तर एका बैठकीत तो टिकत नाही. पहिल्या फेरीत ओबडधोबड वर आणायचा, दुसऱ्या फेरीत नीट लावायचा आणि महिन्या-दीड महिन्याने परत एकदा. हा तिसऱ्यांदाचा खर्च बहुतेकजण धरत नाहीत.

आता पुण्याची हवा. एप्रिलच्या दुपारी इथली सापेक्ष आर्द्रता 20-25 टक्क्यांपर्यंत उतरते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती दिवसचे दिवस 80-90 वर बसते. पियानोला हवी असते 40 ते 60 च्या आत, आणि त्यातही स्थिर. पावसात साउंडबोर्ड ओल पिऊन फुगतो, त्याचा बाक वाढतो, तारा जास्त ताणल्या जातात आणि पियानो चढतो. उन्हाळ्यात उलट. मधल्या सप्तकांत हा फरक सगळ्यात जास्त असतो आणि टोकांना कमी, म्हणून नुसता स्वर वर-खाली न होता पियानो स्वतःशीच बेसूर होतो. मुंबईची हवा दमट खरी, पण वर्षभर बऱ्यापैकी एकसारखी. पुण्यातला हेलकावा लाकडाला जास्त सोसावा लागतो.

पावसाळ्यात आपल्याकडे ओले कपडे कुठे वाळतात? हॉलमध्ये, दोरीवर, पंख्याखाली. त्या खोलीत पियानो असेल तर एका धुण्यातलं पाणी हळूहळू त्याच्या फेल्टमध्ये जातं. कपडे दुसऱ्या खोलीत न्या, हा या सगळ्या लेखातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय आहे. उन्हाळ्यात पाण्याचा कूलर लावायचा असेल तर त्याचा झोत पियानोवर नको. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, त्यामुळे पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला पियानो लावू नका. आतली भिंत निवडा आणि मागे दहा-बारा सेंटीमीटर जागा सोडा. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र पियानोवर कायम ठेवा. त्याच्याशिवाय सगळे अंदाज आहेत.

खालच्या फळीमागे बसवायची कमी वॉटची गरम दांडी उपयोगी आहे, पण ती आर्द्रता ओळखून आपोआप बंद होणाऱ्या नियंत्रकासकटच घ्या. नुसती दांडी जूनमध्ये चालू करून लोक विसरतात आणि मार्चमध्ये तीच साउंडबोर्ड सुकवत राहते. जुना पिवळा बल्ब आत लावून ठेवायची पद्धत सोडून द्या, एकाच ठिकाणी उष्णता बसते. सिलिका जेलच्या पुड्यांचा इतक्या मोठ्या, चहूकडून हवा येणाऱ्या पेटीत काही उपयोग होत नाही. कसर मात्र खरी शत्रू आहे. तिला फेल्ट म्हणजे मेजवानी. वर्षातून दोनदा खालची फळी काढून हलक्या हाताने धूळ काढायची. नवरात्रात घर झाडताना हेही करून टाकावं.

ट्यूनिंग वर्षातून किमान दोनदा. पाऊस स्थिरावल्यावर, म्हणजे जुलैच्या उत्तरार्धात एकदा, आणि हवा कोरडी होऊन बसली की डिसेंबरच्या सुरुवातीला एकदा. रोज चार तास वाजवणाऱ्याला मार्चअखेरची तिसरी फेरी लागेलच. जूनच्या पहिल्या आठवड्यात लावून घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, पंधरा दिवसांत हवा पूर्ण पालटते. ट्यूनरला शांतता हवी असते: मिक्सर, कुकर, पंखा सगळं बंद. पावसाळ्यात संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू असतो, त्यामुळे सकाळची वेळ घ्या. ट्यूनर मुंबईहून येणार असेल तर आसपासच्या दोन-तीन घरांनी एकच दिवस ठरवला की भाडं वाटलं जातं.

पावसात पट्टी अडकणं ही ठरलेली तक्रार. ट्यूनरला फोन करण्याआधी वरचं झाकण उघडून एवढं बघा. पट्टी खाली राहिलीय पण हातोडी जागेवर परत आलीय, तर दोष पट्टीतच आहे. पट्टीच्या पोटात दोन पिना असतात, मधली आणि पुढची. त्यांच्याभोवतीचं फेल्ट फुगून घट्ट बसतं. पट्टी डावी-उजवीकडे किंचित, केसभर हलायला हवी. हलत नसेल तर तंत्रज्ञ खास पकडीने ते फेल्ट दाबून जागा करतो, दोन मिनिटांचं काम. शेजारच्या दोन पट्ट्यांत पेन्सिलीचं टोक किंवा नाणं गेलेलं असणं हेही नेहमीचंच. पट्टी वर आलीय पण हातोडी तारेजवळ रेंगाळतेय, तर हातोडीच्या सांध्यातली पिन घट्ट झालीय किंवा तो मघाचा दोरा तुटलाय. आणि दोन्ही जागेवर आहेत, तरी दुसऱ्यांदा दाबल्यावर स्वर रिकामा जातो, तर जॅक परत बसत नाहीये. हे एवढं फोनवर सांगितलं की तंत्रज्ञ योग्य सामान घेऊन येतो. काहीही झालं तरी शिलाई मशीनचं तेल किंवा गंज सोडवायचा फवारा आत मारू नका. ते फेल्टमध्ये आणि लाकडात झिरपतं, आणि पिनांच्या लाकडापर्यंत पोचलं तर तो पियानो परत सुरात राहत नाही.

जड झालेल्या पट्ट्या सहन करत वाजवणं हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही. रोज तीन-चार तास जास्त जोर लावला की कोपराखालचे स्नायू आणि शिरा कुरकुरायला लागतात. हाताच्या दुखण्याने कारकिर्दी थांबल्याची उदाहरणं या क्षेत्रात मोठ्या नावांची आहेत. रॉबर्ट शुमानचा उजवा हात निकामी झाल्याने त्याचं वादक होणंच राहिलं. लिऑन फ्लायशरचा उजवा हात 1960 च्या दशकात गेला आणि पुढे अनेक वर्षं तो डाव्या हाताच्या रचना वाजवत राहिला. या दुखण्यांची कारणं वेगवेगळी आणि गुंतागुंतीची होती, पण घट्ट पट्टीवर विद्यार्थ्याचा हात झिजवण्याचं काहीच कारण नाही. पट्ट्या जड वाटल्या तर दुरुस्ती होईपर्यंत सराव निम्मा करा आणि बाकीचा वेळ पियानोशिवाय स्वरलिपी पाठ करण्यात घालवा. स्टूल उंची बदलता येणारंच हवं, साधारण 48 ते 58 सेंटीमीटरचं, आणि बसल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीला यायला हवं. लहान मुलाचे पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट.

शेजाऱ्यांचं काय? यू-वन बंद खोलीत चांगला दणदणीत वाजतो आणि खर्ज जमिनीतून खालच्या मजल्यावर जातो. चाकांखाली जाड रबरी कप ठेवा, मागे आणि बाजूला पुस्तकांचं कपाट किंवा जाड पडदे असू द्या. सकाळी साडेसात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ अशा वेळा सोसायटीला लेखी कळवून टाकल्या की बहुतेक तक्रारी आधीच मिटतात. दुपारच्या वामकुक्षीच्या वेळेला मधलं पेडल लावून बोटांची योजना, पाठांतर, वेगवेगळ्या हातांचं काम करावं. मात्र दबलेल्या आवाजात तासन्‌तास वाजवलं तर बोटं जोर लावायला लागतात, तेव्हा दिवसाच्या सरावाच्या एकतृतीयांशापेक्षा जास्त वेळ त्यावर नको.

डिजिटल पियानोबद्दल थोडक्यात. पाचव्या ग्रेडपर्यंत चांगला, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पुरतो, रात्री हेडफोन लावून वाजवता येतो आणि त्याला ट्यूनर लागत नाही. पण अर्धं पेडल, धरलेल्या स्वराचा हळूहळू विरत जाणारा शेवट आणि शेजारच्या तारांचं गुंजणं यांवरच पुढचं शिक्षण उभं असतं, आणि तिथे खऱ्या तारांना पर्याय नाही. आधीचा डिजिटल विकू नका, रात्रीच्या पाठांतराला राहू द्या.

एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाची परफॉर्मन्स ग्रेड असो वा परदेशी महाविद्यालयाची पहिली फेरी, आता घरून चित्रित करून पाठवायची वेळ येते. यू-वनवर हे चांगलं होतं. ट्यूनिंग चित्रीकरणाच्या एक-दोन दिवस आधी. वरचं झाकण पूर्ण उघडा, माईक पियानोच्या बाजूने दीड-दोन मीटरवर, वादकाच्या डोक्यापेक्षा थोडा वर. फोनच्या माईकवर भरवसा ठेवू नका, तो मोठा आवाज आपोआप खाली आणि लहान वर आणतो आणि सगळं वादन सपाट होतं. परफॉर्मन्स ग्रेडच्या चारही रचना सलग, मधे न थांबवता चित्रित करायच्या असतात, तेव्हा पंखा बंद ठेवून तेवढा वेळ बसता येईल असा मोसम निवडा.

लहान खोलीत वाजवणाऱ्याचा हात नकळत आखडतो, कारण दहा बाय बाराच्या खोलीत पूर्ण जोर कानाला सहन होत नाही. अप्राइटचा आवाज वादकाच्या तोंडावर येतो. ग्रँडचं उघडं झाकण तो श्रोत्यांकडे फेकतं. त्यामुळे डिप्लोमाच्या वर्षापासून महिन्यातून किमान दोनदा, ज्या शाळेत किंवा हॉलमध्ये ग्रँड असेल तिथे तासाच्या भाड्याने जा. तो तास रचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवण्यात घालवू नका. पहिली दहा मिनिटं फक्त सगळ्यात मंद स्वर कुठे सुटतो ते शोधा, मग डावं पेडल, मग भरभर येणारे तेच ते स्वर, आणि शेवटी एक रचना पूर्ण. कुणालातरी शेवटच्या रांगेत बसवून. कॅम्पातल्या माझदा हॉलला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची मैफल असेल तेव्हा विद्यार्थ्याला पुढे न बसवता मागे बसवा, मोठा पियानो हॉल कसा भरतो ते तिथून कळतं.

घरी ग्रँड घ्यायची वेळ आलीच, तर दीड मीटरच्या आसपासच्या बेबी ग्रँडसाठी यू-वन देऊ नका. एवढ्या आखूड ग्रँडच्या खर्जाच्या तारा उंच अप्राइटपेक्षा फारशा लांब नसतात, तुम्हाला फक्त यंत्रणेचा फायदा मिळतो. 170-180 सेंटीमीटरच्या पुढचाच बघा, आणि तोवर यू-वनची ट्यूनिंगची पावती आणि दोरे बदलल्याची नोंद एका फाइलमध्ये ठेवा. विकताना गिऱ्हाईक पॉलिशपेक्षा त्या फाइलचे पैसे देतं.